शपथ पुरे, यादी वाचा

१३ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय आपत्ती धोके निवारण दिन असतो. तालुक्याच्या शाळेत फलक लागतो, लोखंडी ट्रेमध्ये डिझेल ओतून आग लावतात, अग्निशामक नळकांड्याची पिन काढून ती विझवून दाखवतात आणि फोटो निघतात. दोन आठवडे होतात न होतात तोच ३१ ऑक्टोबरच्या आगेमागे दक्षता जनजागृती सप्ताह येतो. मैदान तेच, खुर्च्या त्याच आणि पुष्कळदा मुलंही तीच. या वेळी हात पुढे करून शपथ घ्यायची, लाच घेणार नाही आणि देणार नाही. ९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी दिन, की पुन्हा फलक. लाच देण्याघेण्याच्या वयाची माणसं या तिन्ही कार्यक्रमांत सहसा व्यासपीठावर बसलेली असतात.

या दिवसांना आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दोन कार्यक्रमांच्या दोन वेगळ्या फायली करण्याला. आपत्ती हा महसूल खात्याचा विषय आणि भ्रष्टाचार हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, अशी वाटणी झाली आहे. त्यामुळे सज्जतेच्या कार्यक्रमात पैशाचा प्रश्न निघत नाही आणि दक्षतेच्या कार्यक्रमात पुराचा निघत नाही. खरं तर गावाची सज्जता कागदांवरून कळते: कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, साठा नोंदवही आणि पंचनाम्याची यादी. हे कागद लोकांसमोर मोठ्यानं वाचले जातात का, एवढ्यावर दोन्ही गोष्टी ठरतात. म्हणून मागणी साधी आहे. तीन दिवसांचे तीन समारंभ बंद करा आणि त्यांऐवजी दोन सभा घ्या. एक पावसाळ्याआधी, १ मेच्या ग्रामसभेत. दुसरी प्रत्येक आपत्तीनंतर, पंचनामे झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत.

हे दोन विषय एकच कसे, त्याला तिवरे धरणाचं उदाहरण पुरे आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं हे मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. गळती लागल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यानंतर तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. टिंगलीत मुख्य प्रश्न मात्र बाजूला पडला. तक्रार आल्यावर कोणती दुरुस्ती झाली, किती घनमीटर माती पडली, तिची दबाई कोणी तपासली आणि बिल कोणत्या मोजमापावर निघालं? हे चार आकडे मे महिन्यात धरणाखालच्या वाडीसमोर वाचले गेले असते, तर निदान पावसाळ्यात तिथं रात्री कोण झोपतं आणि कोण नाही, याचा निर्णय लोकांना घेता आला असता.

भूकंपाचंही तेच. निकोलस अँब्रेसीज आणि रॉजर बिल्हॅम या दोन शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हिशेब मांडला होता. आधीच्या तीस वर्षांत भूकंपात इमारती कोसळून जे मृत्यू झाले, त्यांतले ८३ टक्के अशा देशांत झाले जिथला भ्रष्टाचार त्या देशाच्या उत्पन्नाच्या मानानं अपेक्षेपेक्षा जास्त होता. खांबातली सळई कमी झाली, तर ती भूकंपाच्या रात्रीच कळते.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी ठरवून दिली: मदत आणि बचावाला ४० टक्के, पुनर्बांधणीला ३०, सज्जता आणि क्षमतावाढीला १०, आणि धोका मुळातच कमी करण्याच्या कामांना, म्हणजे सौम्यीकरणाला, २०. शेवटच्या दोन वाट्यांतून भिंती, निवारे, प्रशिक्षण, साहित्य येतं. या पैशावर कोणाची नजर नसते, कारण तो पूर नसताना खर्च होतो. पहिल्या वाट्यावर सगळ्यांची नजर असते, पण तो गडबडीत खर्च होतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधलं कलम ५० या गडबडीला कायद्याचा आधार देतं. बचाव आणि मदतीसाठी तातडीनं साहित्य घ्यायचं असेल, तर प्राधिकरण निविदेची नेहमीची पद्धत वगळण्याची परवानगी देऊ शकतं आणि साहित्य वापरल्याचा अधिकाऱ्याचा दाखला हिशेबासाठी वैध कागद मानला जातो. तरतूद योग्यच आहे. छतावर माणसं अडकलेली असताना कोणी तीन दरपत्रकं मागवत बसणार नाही. पण निविदेची चाळणी काढून टाकली, की तिच्या जागी दुसरी काहीतरी चाळणी हवी, आणि ती कायद्यात कुठे दिसत नाही. ती लोकांसमोरच्या वाचनानं भरून काढता येते: काय घेतलं, किती, कोणत्या दरानं, कोणाकडून, आणि आता ते कुठे ठेवलं आहे.

ताडपत्रीचंच घ्या. पुरानंतर हमखास वाटली जाणारी वस्तू. मागणीपत्रात लिहिलेलं असतं १२ बाय १८ फूट, २०० जीएसएम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. १२ बाय १८ फूट म्हणजे २१६ चौरस फूट, साधारण २० चौरस मीटर. २० गुणिले २०० ग्रॅम, म्हणजे एका ताडपत्रीचं वजन ४ किलोच्या आसपास भरायला हवं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. २४०० ग्रॅम भरलं तर ती १२० जीएसएमची आहे, आणि श्रावणातल्या एका वाऱ्यात घड्यांवर फाटणार. याला ना अभियंता लागतो, ना माहिती अधिकाराचा अर्ज. लागतो तो फक्त मागणीपत्राचा आकडा, आणि तो सहसा तहसील कार्यालयाच्या कपाटात असतो.

पण खरा पैसा पंचनाम्यात आहे आणि खरी गडबडही तिथेच. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक हे तिघं मिळून नुकसानीचा संयुक्त पंचनामा करतात. (सरकारनं तिघांचीही पदनामं बदलली आहेत, गावात जुनीच चालतात.) पंचनाम्यातल्या एकेका शब्दाची किंमत किती, हे केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांवरून कळतं. सपाट भागातलं घर ‘पूर्ण पडलं’ असं लिहिलं तर १,२०,००० रुपये. ‘अंशतः पडझड’ लिहिलं तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, तेही निदान १५ टक्के पडझड असेल तरच. मागची भिंत आणि अर्धं छप्पर गेलेलं घर पूर्ण पडलं म्हणायचं की अंशतः? एका शब्दात लाखाहून जास्त फरक पडतो, आणि तो शब्द कागदावर लिहिणारा माणूस घाईत, एकटा आणि पावसात उभा असतो.

शेतीचं याहून किचकट. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. ३० टक्के लिहिलं तर शून्य, ३५ लिहिलं तर पूर्ण दर. मधली पायरीच नाही. हा आकडा कोणी मोजत नाही, बांधावरून नजरेनं ठरवतात. पुढची पायरी पिकाच्या प्रकाराची. त्याच निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. सातबारावर विहिरीची नोंद नसली, तर डोळ्यांसमोर ऊस उभा असूनही जिरायत लागू शकते. याच्या उलट, नोंद आहे पण विहीर दहा वर्षं कोरडी, तरी बागायत. ई-पीक पाहणी वेळेत झाली नसेल, तर पेरा सिद्ध करताना नाकी नऊ येतात. सामायिक खात्यात एक भाऊ पुण्यात आणि एक सुरतेत असेल, तर संमतीवाचून रक्कम अडकून पडते. आणि वाट्यानं शेती कसणाऱ्याचं नाव तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. बियाणं त्याचं, खत त्याचं, मदत मालकाच्या खात्यावर.

राज्य सरकार वेळोवेळी या दरांत भर घालतं, मर्यादा कधी दोन हेक्टरांची तीन करतं, कधी पुन्हा मागे घेतं. म्हणून प्रत्येक आपत्तीचा शासन निर्णय वेगळा काढून वाचावा लागतो. गावात फिरणारा दर हा बहुतेक वेळा मागच्या वर्षीचा असतो. शेतकऱ्याला वाटतं आपले पैसे खाल्ले आणि तलाठ्याला वाटतं आपल्यावर खोटा आळ आला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

सगळी चूक लाचेतूनच होते असं धरून चालणं अन्यायाचं आहे. एका सजात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, तीन-चार गावं, काही पदं रिकामी, वरून आठ दिवसांत पंचनामे पूर्ण करण्याचा आदेश. अशा वेळी बांधावर न जाता चावडीत बसून मागच्या यादीवरून नवी यादी होते. पंच म्हणून ज्यांच्या सह्या लागतात, ते कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होतात. त्या कोऱ्या जागेत पुढे काय भरलं जातं, हे ना सही करणाऱ्याला माहीत असतं, ना ज्याचं नाव वगळलं त्याला. याच जागेत बोगस नावं शिरतात. जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या याद्यांवरून २०२५ मध्ये मोठं प्रकरण उघडकीला आलं, चौकशी लागली, तलाठी निलंबित झाले. गावात कोणाची किती जमीन आहे हे गाव जाणतं. ती यादी त्याच महिन्यात चावडीसमोर वाचली असती, तर लेखापरीक्षकाची वाट पाहावी लागली नसती.

याद्या वाचण्याची कल्पना नवी नाही. २ डिसेंबर १९९४ ला राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. नाव वाचायचं आणि विचारायचं: हा कामावर होता का? त्या एका प्रश्नातून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नं पुढे ग्रामसभेच्या सामाजिक अंकेक्षणाला कायद्यात जागा दिली. महाराष्ट्रानं रोजगार हमी देशाला दिली. हजेरीपट सर्वांसमोर वाचायची सवय मात्र आपल्याकडे रुजली नाही, आणि आपत्तीच्या मदतीला तर ती शिवलीच नाही.

पंचनाम्याची यादी वाचायची कशी, हे नीट ठरवावं लागतं. नाहीतर अर्ध्या तासात गोंगाट होतो आणि सभा तहकूब. यादीत सहा रकाने पुरेत: नाव, गट क्रमांक किंवा घर क्रमांक, नुकसानीचा प्रकार, पंचनाम्यात लिहिलेलं क्षेत्र किंवा टक्केवारी, लागू केलेला दर आणि रक्कम. आधार आणि खाते क्रमांक वाचायचे नाहीत आणि लावायचेही नाहीत. सभेच्या तीन दिवस आधी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक वाडीवस्तीवर लागली पाहिजे. फलकावरची यादी जो वाचू शकत नाही, त्याच्यासाठी सभा. वाचणारा माणूस सरपंचाच्या किंवा विरोधी गटाचा नको. बाहेरगावचा शिक्षक चालेल, शेजारच्या गावचा ग्रामसेवक त्याहून बरा. वाडीवार वाचायचं, आडनावांच्या क्रमानं नाही, कारण शेजाऱ्याचं नुकसान शेजाऱ्यालाच माहीत असतं. प्रत्येक वाडीनंतर दोन प्रश्न. यातलं कोणतं नाव चुकीचं वाटतं? आणि ज्याचं नुकसान झालं पण नाव नाही, असं कोण? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पहिला विचारला की गाव तावातावानं बोलतं. दुसऱ्याला गप्प बसतं, कारण वगळलेला माणूस बहुधा सभेला आलेलाच नसतो.

हरकत तोंडी घ्यायची, पण नोंद लेखी करायची: कोणाची, कशावर, आणि फेरपाहणी कोणत्या तारखेला. फेरपाहणीला हरकत घेणारा आणि ज्याच्यावर हरकत तो, दोघंही बांधावर हजर हवेत. हे सगळं इतिवृत्तात गेलं पाहिजे.

कायद्याचं पाठबळ आहे, ते वापरलं जात नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कलम ५३ प्रमाणे मदतीचे पैसे किंवा साहित्य हडप करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. कलम ६० मध्ये एक महत्त्वाची वाट आहे: प्राधिकरणानं तक्रार केली नाही, तर सामान्य माणूस तीस दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो. कोणी लाच मागत असेल, तर १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण दबावाखाली दिली असेल आणि सात दिवसांत कळवलं तर नाही. ही सात दिवसांची गोष्ट दक्षता सप्ताहाच्या किती भाषणांत ऐकू येते?

आता पावसाळ्याआधीची सभा. इथं मांडायच्या गोष्टी गावागणिक वेगळ्या आहेत. पंचगंगेच्या काठावर एक, सह्याद्रीच्या उतारावर दुसरी, मराठवाड्यात तिसरी. पण एक पद्धत सगळीकडे लागू होते: साहित्य सभेत आणून ठेवायचं आणि नोंदवहीशी ताडून पाहायचं.

टीसीएलपासून, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीपासून, सुरुवात करावी, कारण पुरानंतर माणसं पाण्यात बुडून मरतात त्याहून कितीतरी जास्त ते पाणी पिऊन आजारी पडतात. १००० लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम टीसीएल. गावाची टाकी ५०,००० लिटरची असेल, तर एका भरणीला २५० ग्रॅम. दिवसातून दोनदा भरली तर अर्धा किलो, महिन्याला १५ किलो, वर्षाला सुमारे १८० किलो. म्हणजे २५ किलोच्या सात-आठ गोण्या. आता खरेदीची बिलं काढा. तीन गोण्यांची बिलं असतील, तर वर्षातले सात महिने गाव क्लोरीनवाचून पाणी प्यायलं. पंधरा गोण्यांची असतील, तर उरलेल्या कुठे गेल्या ते विचारा. तिसरी शक्यता सर्वांत जास्त आढळते. गोण्या आहेत, पण तोंड उघडं, ओल्या कोपऱ्यात, वर्षभर पडलेल्या. त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, २० टक्क्यांच्या खाली गेली की ती वापरू नये. ती टाकून पाणीपुरवठा कर्मचारी इमानेइतबारे नोंद करतो आणि नळाच्या पाण्यात ओटी चाचणीत, म्हणजे क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या थेंबांच्या चाचणीत, पिवळा रंग येतच नाही. सभेतच एका ग्लासात ओटीचे थेंब टाकून बघावं. नळकांड्यानं डिझेलची आग विझवण्यापेक्षा हे प्रात्यक्षिक गावाच्या कामाचं आहे.

नदीकाठच्या गावात बोट बाहेर काढावी. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ग्रामपंचायतीची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, डझनाहून अधिक लोक गेले. बोट होती, म्हणजे कागदावर गाव सज्ज होतं. क्षमता बोटीच्या बाजूवर वितभर उंचीच्या रंगीत आकड्यांत लिहिलेली हवी, कारण पाणी उंबऱ्याला लागल्यावर नावाड्याचा शब्द कोणी ऐकत नाही, आकडा दाखवता येतो. जीवरक्षक जॅकेटं त्या आकड्याइतकी, नावाड्याचं धरून. यंत्र मे महिन्यात पाण्यात उतरवून चालवून बघायचं. अकरा महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्बुरेटरमध्ये सुकून चिकट थर धरतं आणि नेमक्या वेळी यंत्र दोन खोकले देऊन बंद पडतं. टू-स्ट्रोक यंत्राला साधारण १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल लागतं. हे प्रमाण माहीत असलेला एकच माणूस गावात असेल आणि तो पुण्याला गेला असेल, तर बोट असून नसल्यासारखी.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे आकडे सगळ्या बातम्यांत येतात, पण वरच्या-खालच्या गावातल्या माणसाला त्याचा उपयोग काय? राजारामला ४१ फूट असताना माझ्या गल्लीत पाणी कुठे असतं, हे त्याला हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेषा अजून भिंतींवर दिसतात, म्हातारी माणसं अजून सांगतात. एका सभेत तक्ता तयार होतो: बंधाऱ्याची पातळी एका बाजूला, गावातली खूण दुसऱ्या बाजूला, आणि त्या खुणेला कोणती घरं हलवायची ते तिसऱ्या रकान्यात. यासाठी कुठल्याही सल्लागार संस्थेला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तो तक्ता कुठल्या आराखड्यात सापडत नाही.

डोंगरउतारावरच्या वाडीत सभा खाली देवळात न घेता वर चढून घ्यावी. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही जुलैत. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. यादीत नाव नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे, हे त्या रात्री कळलं. मे महिन्यात वाडीच्या वर फिरून बघायचं: नवी भेग, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट ठोकून अंतर मोजून लिहून ठेवायचं आणि पाऊस लागल्यावर रोज मोजायचं. अंतर वाढलं तर १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकाला फोन आणि त्याच रात्री स्थलांतर. उताराखाली संरक्षक भिंत बांधली असेल, तर तिचं अंदाजपत्रक सोबत न्या. २० मीटर लांब, २ मीटर उंच, सरासरी ४५ सेंटिमीटर जाडीची भिंत म्हणजे १८ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे १४० ते १४५ गोण्या. साइटवर किती उतरल्या, हे समोरच्या घरातल्या बाईला बरोबर आठवत असतं. त्याहून आधी पाहायची गोष्ट म्हणजे भिंतीत पाणी बाहेर पडायची भोकं आहेत का. दीड-दोन मीटरांवर एक हवं आणि मागे दगडांचा भराव हवा. भोकं नसली तर मागचं पाणी तुंबतं आणि भिंतच ढकलून देतं. भोक पाडायला पैसे लागत नाहीत, तरी ती नसतात, कारण बिल घनमीटरावर निघतं, भोकावर नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोक फक्त कागदांच्या झेरॉक्स मागतात. संशयास्पद भिंतीचा नमुना मागा, मग कंत्राटदाराचा फोन लवकर येतो.

ओडिशाकडे बघण्यासारखं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ च्या फायलिनला तो आकडा पन्नासच्या आसपास राहिला. हवामानाचा अंदाज सुधारला, निवारे बांधले, हे खरंच. पण तिथं १९ जूनला राज्यभर सराव होतो आणि निवाऱ्यांची देखभाल स्थानिक समित्या करतात. सरावाच्या दिवशी निवाऱ्याचं कुलूप उघडलं नाही, तर ते सगळ्या गावाला दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक सरावांत साहित्य तालुक्याहून येतं आणि संध्याकाळी परत जातं.

शहरात हे सगळं अवघड आहे, कारण सभाच नाही. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, क्षेत्रसभा मात्र दिसत नाही. नालेसफाईचा गाळ टनांवर मोजतात, वजनकाट्याच्या पावत्या लागतात, व्हिडिओ लागतात. तरी मिठी नदीच्या गाळउपशात ६५ कोटींच्या नुकसानीचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं २०२५ मध्ये नोंदवलाच. कॅमेरा लावला म्हणजे काम झालं असं नाही. नाल्याकाठच्या चाळीला डंपरचे नंबर आणि खेपांची संख्या रोज फलकावर दिसली, तर खोटी खेप लिहिताना हात थोडा अडेल. याहून जास्त आशा सध्या तरी धरवत नाही.

या प्रस्तावावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला, गावात भांडणं लागतील. लागतील. ती आजही लागतात, पारावर आणि हॉटेलात, कागदाशिवाय. वाचन झालं तर निदान भांडण गट क्रमांकावर येतं. दुसरा, मदतीला उशीर होईल. घरात पाणी शिरलेल्यांची तातडीची मदत थांबवायची नाहीच. वाचायची ती पिकांची आणि घरांची यादी, आणि तिला महिने लागतात ते संकलनात, ई-केवायसीत आणि मंजुरीत. एक संध्याकाळ वाढल्यानं काही बिघडत नाही. तिसरा, खासगीपणा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील आणि रक्कम स्वतःहून जाहीर करायला सांगतं. मागितल्यावर द्यायची ही गोष्टच नाही.

चौथा आक्षेप सर्वांत खरा. ग्रामसभा ही गावातल्या दांडग्यांची सभा असते. दलित वस्ती, आदिवासी पाडा, एकटी बाई, वाट्यानं कसणारा, हे तिथं तोंड उघडत नाहीत. याला उत्तर सभेच्या आत नाही. यादी आधी वस्तीवर वाचायची, ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत वेगळी वाचायची, आणि वाट्यानं कसणाऱ्यांची एक वेगळी यादी, मदत मिळो न मिळो, ठरावासोबत तहसीलदाराला पाठवायची. एवढं करूनही काही ठिकाणी दांडगे जिंकतील. पण आज ते आवाज न करता जिंकतात.

प्रामाणिक तलाठ्याला या सभेचा सर्वांत जास्त फायदा आहे, हे तलाठ्यांच्या संघटनांनी ओळखायला हवं. पुढाऱ्याचा फोन आला, की ‘साहेब, यादी सोमवारी वाचायची आहे’ एवढं म्हणता येणं हे मोठं संरक्षण आहे.

अडचण गणपूर्तीचीही आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून नको असलेला विषय तहकूब सभेत गुपचूप मंजूर करून घेतात. यादीवाचनाचा विषय तहकूब सभेत घेऊ नये, असा ठराव आधीच करून ठेवावा.

१ मेच्या सभेसाठी अर्ज एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात द्यावा, कारण नोटीस सात दिवस आधी निघते आणि विषयपत्रिका त्याआधी ठरते. अर्जात चार विषय लिहावेत: आपत्ती साहित्याचा साठा नोंदवहीशी पडताळणे, गेल्या वर्षातल्या सौम्यीकरण कामांची अंदाजपत्रकं आणि मोजमाप पुस्तिका वाचणे, पातळी आणि स्थलांतराचा तक्ता मंजूर करणे, यंदाच्या प्रत्येक पंचनाम्याची यादी पंधरा दिवसांत वाचण्याचा ठराव. अर्ज ग्रामसेवकाच्या हातात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्यावा. विषयपत्रिकेत हे विषय आले नाहीत, तर गटविकास अधिकाऱ्याकडे जाताना ती पोचच लागते, आणि सभेनंतर इतिवृत्ताची नक्कल मागताना पुन्हा तीच.